ध्वनिसंचिकांचे सामूहिक रूपांतर

संगणकावर अंकीय स्वरूपात साठविलेल्या ध्वनिमुद्रणाच्या फाइलीस ध्वनिसंचिका म्हणतात. अशा अनेक संचिकांवर एकाच आज्ञेने सारखेच संस्कार करणे (उदा., आवाजाची पातळी बदलणे, प्रारंभीची शांतता कापणे, शीर्षके भरणे) आणि त्या एका प्रारूपातून दुसऱ्या प्रारूपात नेणे, यास सामूहिक रूपांतर म्हणता येईल. ही क्रिया वरवर केवळ सोयीची वाटते. तथापि ध्वनीची वाहक माध्यमे अल्पायुषी असल्याने विसाव्या शतकातील ध्वनिमुद्रित वारसा पुढील पिढ्यांना कोणत्या गुणवत्तेत मिळेल, हे बव्हंशी तिच्यावर अवलंबून आहे.

अंकपूर्व काळ : टॉमस आल्वा एडिसन यांनी १८७७ मध्ये फोनोग्राफ तयार केला. पुढे प्रचारात आलेल्या मेणाच्या दंडगोलांच्या प्रती काढण्याची समाधानकारक रीत प्रारंभी नसल्यामुळे गायकास एकच गीत पुनःपुन्हा गावे लागे. एमील बर्लिनर यांच्या तबकडीमुळे (१८८७) एका साच्यावरून अनेक प्रती काढण्याचा मार्ग खुला झाला. फ्रिट्स फ्लॉयमर यांनी १९२८ मध्ये चुंबकीय फितीची कल्पना मांडली व १९३५ मध्ये बर्लिन येथील प्रदर्शनात मॅग्नेटोफोन हे फीतयंत्र दाखविण्यात आले. त्यानंतर तबकडीवरील ध्वनी फितीवर उतरविणे सुलभ झाले. परंतु तासाभराच्या मुद्रणास सामान्यतः तासच लागे आणि प्रतीची प्रत काढताना खरखर वाढत जाई. कॅसेट (१९६३) आल्यावर एका मूळ फितीवरून अनेक कॅसेटी कित्येक पट वेगाने भरणारी यंत्रे वापरात आली. वेग वाढला, पण हा दोष कायम राहिला.

अंकीय ध्वनी : अलेक रीव्ह्‌ज यांनी १९३७ मध्ये ध्वनितरंगाचे ठराविक अंतराने नमुने घेऊन ते संख्यांनी दर्शविण्याची पद्धत सुचविली. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या संहत तबकडीत (सीडीत) प्रत्येक वाहिनीचे सेकंदास ४४,१०० नमुने घेतलेले असून प्रत्येक नमुना १६ बिटांचा असतो. संख्यांची नक्कल अचूक करता येत असल्याने प्रतीची प्रतही मुळासारखीच राहू लागली. मात्र या हिशेबाने दोन वाहिन्यांच्या एका तासाच्या मुद्रणास सु. ६३·५ कोटी बाइट जागा लागते. १९९१ मध्ये आलेल्या वेव्ह प्रारूपात असा ध्वनी बहुधा असंपीडित ठेवला जातो.

जागेच्या अडचणीतून संपीडित प्रारूपे निर्माण झाली. जर्मनीतील एर्लांगेन येथील फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्ट्स ब्रांडेनबुर्ख व त्यांचे सहकारी यांनी केलेल्या संशोधनाचा एमपी३ प्रारूपात मोठा वाटा आहे. १९९२ मध्ये त्यास आंतरराष्ट्रीय मानकात स्थान मिळाले. मोठ्या आवाजाजवळचा मंद आवाज कानास जाणवत नाही, या तत्त्वानुसार त्यात ध्वनीचा काही भाग वगळतात. सेकंदास १,२८,००० बिट ठेवल्यास आकार मूळच्या सु. एक-अकरांश होतो. वगळलेला भाग पुन्हा मिळत नाही. अशी संचिका वेव्हमध्ये बदलल्यास केवळ तिचा आकार वाढतो, गुणवत्ता नव्हे. याउलट जॉश कोलसन यांनी २००१ मध्ये पूर्णत्वास नेलेल्या फ्लॅक प्रारूपात ध्वनीचा कोणताही भाग न गमावता आकार पुष्कळदा निम्म्याच्या आसपास येतो व मूळ ध्वनी तंतोतंत परत मिळविता येतो.

साधने व धोके : लान्स नॉर्स्कॉग यांची सॉक्स (१९९१) आणि फाब्रीस बेलार यांची एफएफएमपेग (२०००) ही आज्ञावलींवर चालणारी साधने सामूहिक कामासाठी प्रसिद्ध आहेत. आज्ञा एकदा लिहिली की सहस्रावधी संचिकांवर ती देखरेखीवाचून चालते. याच एकसारखेपणात धोका आहे : आज्ञेतील एक चूक सर्वच संचिकांत उतरते. उदा., एकाच मैफलीतील विलंबित व द्रुत ख्याल स्वतंत्र संचिकांत असताना प्रत्येकीची पातळी वेगवेगळी वाढवून समान केली, तर गायकाने राखलेला आवाजाचा चढउतार नाहीसा होतो. एमपी३ करताना प्रारंभी व शेवटी अल्पशी शांतता जोडली जात असल्याने, वादक यंत्राने तिची दखल न घेतल्यास, सलग गायनात खंड पडतो. रूपांतरित संचिका मुळावरच लिहिली गेल्यास हानी कायमची होते.

अभिलेखागारांची पद्धती : आंतरराष्ट्रीय ध्वनी व दृक्‌-श्राव्य अभिलेखागार संघटनेच्या मार्गदर्शिकेत (२००४) जुने मुद्रण सेकंदास किमान ४८,००० नमुने व २४ बिट या प्रमाणात, असंपीडित ठेवण्याची शिफारस आहे. ही मूळ संचिका अबाधित ठेवून ऐकण्याच्या प्रती तिच्यापासून सामूहिक रीतीने काढतात. प्रत्येक संचिकेची गणिती खूणसंख्या नोंदवून ती कालांतराने ताडून पाहतात, त्यामुळे एका बिटाचा बदलही लक्षात येतो. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाने २०१३ मध्ये घोषित केलेल्या प्रकल्पात अनेक फिती एकाच वेळी वाजवून अंकीकरण करण्यात आले.

चुंबकीय फिती जीर्ण होत आहेत व त्या वाजविणारी चालू स्थितीतील यंत्रे दुर्मिळ होत आहेत, असा इशारा युनेस्को व उपर्युक्त संघटना यांनी २०१९ मध्ये दिला. फीत पुन्हा वाजविण्याची संधी मिळेलच असे नसते. म्हणून काय राखावयाचे व काय वगळावयाचे, याचा निर्णय आज्ञा देण्यापूर्वीच घेणे अगत्याचे ठरते.