कणेकर, शिरीष
(६ जून १९४३ – २५ जुलै २०२३). मराठी पत्रकार, स्तंभलेखक व एकपात्री कलावंत. हिंदी सिनेमा, चित्रपटसंगीत आणि क्रिकेट हे सर्वसामान्यांच्या जिव्हाळ्याचे तीन विषय त्यांनी आयुष्यभर हाताळले. पत्रकारितेची सुरुवात इंग्रजी वृत्तपत्रात, इंडियन एक्स्प्रेसमध्ये झाली. नाव झाले ते मात्र मराठी सदरांमुळे. ‘गाये चला जा’ या पुस्तकात त्यांनी गायक-संगीतकारांविषयी, तर ‘यादों की बारात’मध्ये पडद्यावरच्या कलावंतांविषयी लिहिले. शास्त्रीय चिकित्सेपेक्षा श्रोत्याचे झपाटलेपण या लेखनात अधिक आहे, आणि हीच त्याची खरी ताकद. दिलीपकुमार व लता मंगेशकर यांच्यावरील भक्ती त्यांनी कधी लपवली नाही. लोकप्रिय कलेवर मनापासून प्रेम करण्यात कमीपणा नाही, हा विश्वास मराठी वाचकाला देणाऱ्यांत त्यांचे स्थान वरचे आहे. चित्रपटगप्पांना त्यांनी ‘माझी फिल्लमबाजी’ या एकपात्री प्रयोगातून रंगमंचावर आणले. नेपथ्य-वेशभूषेचा आधार न घेता केवळ बोलण्यावर सभागृह धरून ठेवणारा हा प्रकार होता. पुढे ‘फटकेबाजी’ हा प्रयोगही त्यांनी केला. ‘क्रिकेटवेध’ हे त्यांचे क्रिकेटविषयक पुस्तक. मुंबईत त्यांचे निधन झाले.