पुस्तकाची जागा कोणती?

१८९७ साली पुण्यात आलेल्या प्लेगच्या साथीवरचे एखादे पुस्तक ग्रंथालयात कोठे ठेवावे? वैद्यकात, पुण्याच्या इतिहासात, की ब्रिटिश राजवटीच्या कारभारात? तिन्ही उत्तरे बरोबर आहेत. पण पुस्तकाची प्रत एकच, आणि तिला उभे राहायला फळीही एकच. संगणकात फळ्या नसतात. तरीही मजकूर सांभाळणाऱ्या प्रत्येक सॉफ्टवेअरपुढे हाच प्रश्न येतो: आधी ठरवलेली वर्गांची उतरंड वापरावी, की ज्याला जे सुचेल ते नाव, म्हणजे टॅग, लावू द्यावे? हा वाद तांत्रिक समजला जातो. मला तो अधिकाराचा वाटतो. नाव कोण ठेवतो, यावर पुढच्याला काय सापडेल ते ठरते.

उतरंडीचा सर्वांत यशस्वी नमुना मेल्विल ड्युई यांचा. १८७६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या दशांश पद्धतीने सगळ्या ज्ञानाचे दहा वर्ग केले, आणि प्रत्येकाचे पुन्हा दहा. तिची शिस्त इतकी सोयीची, की देशोदेशीच्या ग्रंथालयांनी ती स्वीकारली. पण या घरांची वाटणी पाहावी. इंग्रजी साहित्याला ८२० हे अख्खे घर. मराठी साहित्य मात्र ८९१.४६ वर, म्हणजे ‘इतर भाषां’च्या घरातल्या एका पोटखोलीत. धर्माच्या २०० या वर्गात २२० पासून २८० पर्यंतची घरे ख्रिस्ती धर्माला, तर हिंदू, बौद्ध, इस्लाम यांच्यासह बाकी सारे २९० मध्ये दाटीवाटीने. रचणाऱ्याची दृष्टी उतरंडीत अशी मुरते, आणि ती पिढ्यान्‌पिढ्या हलत नाही.

या मक्तेदारीला उत्तर मिळाले ते इंटरनेटवर. २००३ साली जोशुआ शॅक्टर यांनी ‘डिलिशस’ ही संकेतस्थळांचे पत्ते साठवण्याची सेवा सुरू केली. तिथे वर्ग नव्हते. ज्याने त्याने आपल्या मनाचे टॅग लावायचे. २००४ साली टॉमस व्हँडर वाल यांनी अशा लोकांनी केलेल्या वर्गीकरणाला ‘फोक्सॉनॉमी’ हे नाव दिले. आता प्लेगच्या पुस्तकाला ‘पुणे’, ‘प्लेग’, ‘रँड’, ‘चापेकर’ अशी हवी तितकी नावे. पण ‘दिवाळी अंक’, ‘दिवाळीअंक’ आणि ‘दिवाळी-अंक’ ही संगणकाच्या लेखी तीन वेगळी नावे ठरतात. शिवाय ‘रँड’ म्हणजे पुण्याचा प्लेग अधिकारी, की दक्षिण आफ्रिकेचे चलन? टॅगला हे सांगता येत नाही. सर्वांना अधिकार मिळाला. शोधणाऱ्याच्या हाती मात्र अर्धेच लागू लागले.

या पेचातून जाणारी वाट संगणकयुगाच्या आधीच एका भारतीयाने दाखवली होती. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल शि. रा. रंगनाथन हे मूळचे गणिताचे अध्यापक. १९२४ साली ते शिक्षणासाठी लंडनला गेले असताना तिथल्या दुकानात त्यांनी मेकॅनो पाहिला. तेच सुटे भाग वेगवेगळ्या रीतीने जोडून निरनिराळी खेळणी होतात, हे त्यांच्या मनात रुजले. १९३३ साली त्यांची द्विबिंदू पद्धत ग्रंथरूपाने आली. तिच्यात तयार घर शोधायचे नसते. विषयाचे पैलू वेगळे करून द्विबिंदूने जोडायचे असतात. रोग कोणता, त्यावर काय केले, कोठे, केव्हा? प्रश्न ठरलेले, उत्तरांची जोडणी मोकळी.

गंमत अशी, की फळीवर या पद्धतीचे आकडे लांबलचक आणि किचकट ठरले. ड्युईंची सोपी पद्धतच जास्त पसरली. पण ऑनलाइन दुकानात साडी पाहताना आपण रंग, कापड, किंमत असे निवडत जातो, तेव्हा तत्त्व रंगनाथनांचेच असते. वर्डप्रेसनेही २००७ साली उतरंडीच्या वर्गांशेजारी टॅगची सोय मूळ रचनेतच घातली. एकावर भागत नाही, याचीच ती कबुली.

म्हणून मजकुराची घडी बसवणाऱ्याने मोजकेच प्रश्न पक्के करावेत आणि उत्तरांना वाढायला जागा ठेवावी, असे माझे मत आहे. नावांची डागडुजी करणारा माणूस मात्र लागतोच. तो नसेल, तर पुस्तक जागेवर असूनही हरवते.