ओले आणि ओले

कानडीत चुलीला 'ओले' म्हणतात. मराठीत 'ओले' म्हणजे न वाळलेले. बेळगाव-निपाणी भागातील आपल्या घरांतून हे दोन्ही शब्द एकाच चुलीपाशी नांदले. आज आपणांस यात गंमत वाटते. त्या चुलीपुढे बसणाऱ्या आजी-पणजींना ती वाटली असेल, असे आम्हांस वाटत नाही.

खानापूरच्या रानालगत लाकूड भरपूर, परंतु पाऊसही तसाच. म्हणून मृगापूर्वी सरपणाची बेगमी करून ते पडवीत रचीत. निपाणीकडे रान थोडे. तिथे तुराट्या, तंबाखूच्या काड्या आणि शेणी यांवर भागवावे लागे. आषाढात बेगमी सरली, की अर्धओल्या ढलप्या चुलीच्या कडेला शेकवून जाळणे आले. ताज्या लाकडाच्या वजनात निम्मे पाणी असू शकते, आणि एक किलो पाण्याची वाफ होण्यास सुमारे 540 किलोकॅलरी उष्णता खर्ची पडते. तेवढी भाकरीच्या वाट्याची कमी! जाळ मंदावतो, धूर माजघरापर्यंत कोंदतो. फुंकणी फुंकणाऱ्या बाईच्या छातीत खोकला घर करी, तो याच धुरामुळे.

बेंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत 1974 साली 'अस्त्र' हे केंद्र निघाले आणि त्याने पुढे तीन भांड्यांची, धुराड्याची 'अस्त्र ओले' घडविली. चूल चांगलीच होती. परंतु धुराडे धूर बाहेर नेते, लाकडातले पाणी ते आटवीत नाही. 2016 च्या उज्ज्वला योजनेनंतर स्वयंपाकघरांत गॅस पुष्कळ पोहोचला. आंघोळीच्या पाण्याला मात्र कित्येक घरी अजून लाकूडच लागते, आणि श्रावणात ते ओलेच असते.