कट्टुमरम आणि कुरी

काही महिन्यांपूर्वी एक इंग्रजी मजकूर मराठीत आणायला घेतला होता. एक जोडपे घर विकून शिडाच्या कॅटमरानवर राहायला जाते आणि सोबत आपला भलामोठा कुत्राही नेते, एवढाच त्याचा विषय. कुत्र्याला डेकवरच्या जाळीवरून चालायला कसे शिकवले, जमीन दिसत नसताना त्याने शी-शू कुठे करायची, गोडे पाणी त्याला किती आणि माणसांना किती, असा सगळा घरगुती हिशेब. काम सोपे वाटले होते. पण पहिल्याच वाक्यात अडले. ‘कॅटमरान’ला मराठीत काय म्हणायचे? ‘दुहेरी तळाची नौका’ म्हटले की सरकारी निविदा वाचल्यासारखे वाटते. ‘कॅटमरान’ तसाच ठेवावा, तर तो इंग्रजी म्हणून ठेवायचा की आपला म्हणून? कारण शब्द मुळात आपल्या शेजारचा, तमिळ आहे.

या शब्दाच्या मागे लागल्यावर हळूहळू ध्यानात आले की यात दोन समुद्रांची सरमिसळ झाली आहे. नाव बंगालच्या उपसागरातले आणि नौका प्रशांत महासागरातली. त्या दुसऱ्या समुद्रात, शेजारी-शेजारी बांधलेल्या दोन होड्यांवर कुत्र्यासह राहणे ही हजारो वर्षांची रीत होती. हा लेख त्या सरमिसळीविषयी आणि त्या कुत्र्याविषयी आहे.

आधी शब्द. तमिळमध्ये ‘कट्टु’ म्हणजे बांधणे आणि ‘मरम’ म्हणजे झाड किंवा लाकूड. कट्टुमरम म्हणजे हलक्या लाकडाचे काही ओंडके दोरीने एकत्र बांधून केलेले तरते साधन. त्याला ना पोकळ पोट, ना कठडा. पाणी ओंडक्यांच्या फटींतून वर येते आणि तसेच निघून जाते, म्हणून ते बुडत नाही. मासेमारी आटोपली की कोळी दोऱ्या सोडून ओंडके वाळूवर सुकत टाकत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बांधत. विल्यम डॅम्पियर या इंग्रज दर्यावर्दीच्या 1697 साली छापलेल्या प्रवासवर्णनात कोरोमंडल किनाऱ्यावरच्या या साधनाचा उल्लेख येतो. मद्रासला तेव्हा बंदर नव्हते. जहाजे दूर खोल पाण्यात नांगर टाकून उभी राहत. माणसे आणि माल ‘मसुला’ नावाच्या, फळ्या शिवून केलेल्या होड्यांतून लाटा ओलांडत येई. समुद्र खवळला आणि मसुलाही चालेनाशा झाल्या, की कट्टुमरमवाले निघत आणि चिठ्ठ्याचपाट्या टोपीत कोरड्या ठेवून जहाजापर्यंत पोहोचवत. कंपनीच्या साहेबांनी हा शब्द उचलला तो या माणसांकडून.

इंग्रजीत गेल्यावर शब्दाने बरेच उद्योग केले. कुठल्याही तराफ्याला कॅटमरान म्हणू लागले. 1804 साली इंग्रजांनी बुलोनच्या बंदरातल्या फ्रेंच जहाजांवर स्फोटकांनी भरलेल्या बंद पेट्या सोडल्या, त्यांनाही कॅटमरानच म्हटले. पुढे शब्दातल्या ‘कॅट’मुळे मांजर आठवून भांडखोर बाईलाही हे नाव पडले. लाकूड बांधणाऱ्या कोळ्याचा त्यात मागमूस उरला नाही. मग 1876च्या जून महिन्यात न्यूयॉर्कच्या शर्यतीत नॅथॅनियल हेरेशॉफ या नौकाबांधणी करणाऱ्याने ‘अमॅरिलिस’ नावाची नौका उतरवली. दोन अरुंद होड्या, मध्ये दांडे, वर शीड. तिने मोठमोठ्या यॉटींना मागे टाकले. त्यांच्या मालकांनी तक्रार केली आणि पुढे अशा नौकांना नेहमीच्या शर्यतींचे दार बंद झाले. हेरेशॉफने पुढच्या वर्षी आपल्या रचनेचे पेटंट घेतले. अशा नौकांना कॅटमरान म्हणण्याची रूढी त्यानंतर पक्की होत गेली.

पेटंट घेण्याजोगी ही गोष्ट नवी होती का? तिच्याआधी शंभर वर्षे, 1774 साली, जेम्स कुकने ताहितीच्या किनाऱ्यावर युद्धासाठी जमलेला नौकांचा ताफा पाहिला होता. त्याने मोजलेल्या मोठ्या जोडहोड्याच एकशे साठ होत्या. त्याच्यासोबतच्या विल्यम हॉजेस या चित्रकाराने त्या रंगवल्या आहेत. हवाईत अशा नौकेला ‘वआ काउलुआ’, माओरींमध्ये ‘वाका होउरुआ’ म्हणतात. दोन लांब, निमुळत्या होड्या, त्यांना जोडणारे आडवे वासे, वाशांवर फळ्यांचा मंच. कोकणात उलांडीची होडी पाहिलेल्यांना यामागचे तत्त्व सांगायला नको. एकट्या अरुंद होडीला शीड लावले की वारा तिला कलंडवतो. बाजूला आधार दिला की ती तोल धरते. उलांडीत तो आधार एक ओंडका असतो, जोडहोडीत तो दुसरी होडीच असते. शिवाय मधल्या मंचावर जागा मिळते. तिथे झावळ्यांचे छप्पर घालून निवारा करता येतो. आणि मंच फारसा तिरपा होत नसल्यामुळे चार पायांच्या प्राण्यालाही त्यावर उभे राहता येते.

या मंचावर राहणे म्हणजे काय, याचा विचार करून पाहावा. बेटे शोधायला निघालेल्या नौकेवर बायका असत, मुले असत. पुढच्या बेटावर लावायची रोपे ओल्या आच्छादनात गुंडाळलेली असत: अळू, कोनफळ, केळी, नीरफणस. खारे पाणी उडाले तर रोप मरणार, म्हणून त्यांना जपायचे. पाणी भोपळ्यांत आणि शहाळ्यांत. खायला सुकवलेले मासे आणि आंबवलेल्या नीरफणसाचा गोळा. याशिवाय कोंबड्या, डुकरे आणि कुत्रे. पॉलिनेशियातला कुत्रा मध्यम बांध्याचा आणि आखूड पायांचा होता. मुख्य म्हणजे तो अळू, नीरफणस, नारळ यांवर वाढत असे. मांसावाचून ज्याचे अडत नाही, असाच कुत्रा महिनाभर समुद्रात पोसता येतो.

त्या कुत्र्याकडे आजच्या डोळ्यांनी पाहू नये. तो सोबती होता, शिकारी होता आणि अन्नही होता. 1769 साली ताहितीत कुकला आणि त्याच्या माणसांना कुत्र्याचे मांस वाढले गेले. ते इंग्लंडातल्या कोकराच्या मांसाच्या खालोखाल उतरते, असे मत कुकने आपल्या रोजनिशीत नोंदवले. गंमत अशी की त्याच वेळी त्याच्या ‘एन्डेव्हर’ जहाजावर वनस्पतिशास्त्रज्ञ जोझेफ बँक्सचे ग्रेहाउंड होते, साहेबाचे लाडके. पुढच्या वर्षी ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर त्यांना कांगारूंच्या मागे सोडण्यात आले.

‘एन्डेव्हर’वर ताहितीहून आणखी एकजण चढला होता. तुपाइया हा रायआतेआ बेटाचा पुजारी आणि नौकानयनाचा जाणकार. त्याने कुकसाठी आपल्याला ठाऊक असलेल्या अनेक बेटांचा नकाशा सांगितला. न्यूझीलंडला पोहोचल्यावर असे दिसले की त्याचे बोलणे माओरींना कळते. मध्ये हजारो किलोमीटरचा समुद्र आणि भाषा मात्र सख्ख्या बहिणी. ही माणसे एवढ्या समुद्रावर पसरली कशी, हा प्रश्न कुकला पडला. उत्तर देऊ शकणारा तुपाइया 1770च्या डिसेंबरात बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्तात, आजाराने वारला.

त्यानंतर या प्रश्नाची उत्तरे इतरांनी दिली. थोर हेयरडालने 1947 साली ‘कॉन-टिकी’ तराफ्यावरून पेरूपासून प्रवास करून, पॉलिनेशियात माणसे दक्षिण अमेरिकेकडून प्रवाहाबरोबर आली, असे मांडले. अँड्र्यू शार्प या न्यूझीलंडच्या इतिहासकाराने 1950च्या दशकात वेगळीच बाजू घेतली. त्याच्या मते होकायंत्रावाचून इतक्या लांबचे ठरवून केलेले प्रवास शक्यच नव्हते. वाऱ्याने भरकटलेल्या होड्या योगायोगाने बेटांना लागल्या. दोन्ही मतांत एक गोष्ट समान होती. या लोकांनी समुद्र ओलांडायचे ठरवले आणि ओलांडला, हे कुणालाच मान्य नव्हते.

इथे कुत्र्याची साक्ष महत्त्वाची ठरते. मासेमारीला निघालेला माणूस वादळात भरकटतो तेव्हा त्याच्या होडीत जाळे असते. नर-मादी कुत्र्यांची जोडी, अळवाचे कंद आणि तान्हे मूल नसते. न्यूझीलंडमध्ये माणूस पोहोचला तेराव्या शतकाच्या सुमारास, आणि तिथल्या सुरुवातीच्या वस्त्यांत कुत्र्याची हाडे सापडतात. शब्दही तेच सांगतात. टोंगाच्या भाषेत कुत्रा ‘कुली’, माओरीत ‘कुरी’, ताहितीत ‘उरी’. ‘ल’चा ‘र’ होणे, ‘क’ गळून घशातला नुसता झटका उरणे, हे बदल तिथल्या इतर शब्दांतही नियमाने दिसतात. कुत्रा आणि त्याचे नाव एकाच नौकेतून गेले.

सगळीकडे सगळे पोहोचले नाही. न्यूझीलंडला कुत्रा आणि उंदीर गेले. डुक्कर आणि कोंबडी तिथे रुजली नाहीत. उलट रापा नुईवर, म्हणजे ईस्टर बेटावर, कोंबडी होती आणि कुत्रा नव्हता. मार्केसास बेटांवर कुत्र्यांची जुनी हाडे सापडतात, पण युरोपीय आले तेव्हा तिथे कुत्रा उरला नव्हता. रापा नुईच्या भाषेत आज ‘कुरी’ हा शब्द आहे आणि त्याचा अर्थ मांजर असा आहे. कुत्रा बेटावर नसला तरी शब्द राहिला, आणि परक्यांच्या जहाजातून चार पायांचा नवा प्राणी उतरल्यावर तो त्याला लागला. कट्टुमरमचे इंग्रजीत जे झाले तेच कुरीचे रापा नुईवर झाले. वस्तू मागे पडते, शब्द पुढे जातो आणि जे समोर येईल त्याला चिकटतो. अनुवादकाला यात चूक दिसायला हवी. मला मात्र ओळखीचे काहीतरी दिसले.

शार्पच्या मताला प्रत्यक्ष उत्तर मिळाले 1976 साली. हवाईतल्या लोकांनी जुन्या धर्तीवर साधारण एकोणीस मीटर लांबीची ‘होकूलेआ’ नावाची जोडहोडी बांधली. ती खिळ्यांनी न ठोकता दोऱ्यांनी बांधली होती. पण ती चालवायची कोणी? जुन्या पद्धतीने दूरचा समुद्र ओलांडू शकणारा एकही जाणकार हवाईत उरलेला नव्हता. मायक्रोनेशियातल्या सातावाल या लहानशा बेटावरून माउ पिआयलुग यांना बोलावण्यात आले. त्यांनी तारे आणि लाटांचे रोख वाचत, एकही उपकरण न वापरता, होकूलेआ ताहितीला नेली. 1 मे रोजी माउई सोडले, 4 जूनला पापेएते गाठले. वाट सुमारे चार हजार किलोमीटरची. किनाऱ्यावर हजारो लोक जमले होते. नौकेवर एक कुत्रा, एक डुक्कर आणि कोंबड्याही होत्या. प्रयोग पुरता करायचा तर त्यांच्यावाचून चालणार नव्हते.

पण ताहितीला उतरलेला तो कुत्रा जुन्या वंशाचा असणे शक्य नव्हते. युरोपीय जहाजांतून आलेल्या कुत्र्यांशी संकर होत-होत हवाईचा जुना कुत्रा नामशेष झाला आणि न्यूझीलंडची कुरीही एकोणिसाव्या शतकात संपली. तिच्या कातड्याची मानाची पांघरुणे माओरी सरदार वापरत. ती भुंकत नसे, लांब सूर काढून रडल्यासारखी ओरडे, असे वर्णन सापडते. वेलिंग्टनच्या ते पापा संग्रहालयात पेंढा भरलेली कुरी आहे. नौका पुन्हा बांधता आली आणि विद्या सातावालहून परत मिळाली. कुत्रा मात्र कुणाला परत आणता आला नाही.

इकडे कट्टुमरमचीही गत फार वेगळी नाही. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर ओंडक्यांची जागा फायबरच्या होड्या घेत होत्याच. 2004च्या त्सुनामीनंतर मदतीतून आलेल्या होड्यांनी ते काम आणखी वेगाने केले. आज जगभरच्या बंदरांत लाखो डॉलरच्या नौका हे नाव मिरवतात. नाव देणारा कोळी आणि घाट देणारा खलाशी, दोघांपैकी कोणी त्यांच्या डेकवर क्वचितच दिसतो. अपवाद आठवतो तो जेम्स व्हॅरमचा. या इंग्रजाने 1950च्या दशकात लहानशी जोडहोडी बांधून अटलांटिक ओलांडला आणि तिला पॉलिनेशियातल्या समुद्रदेवाचे, ‘तांगारोआ’चे, नाव दिले. तिचे मूळ कुठले, हे त्याने कधी लपवले नाही.

माझ्या मजकुरातले जोडपे शेवटी न्यूझीलंडकडे निघायचा बेत करते आणि तिथेच थबकते. त्या देशात रेबीज नाही आणि जमिनीवर घरटी करणाऱ्या किवीसारख्या पक्ष्यांना कुत्र्यापासून धोका आहे. त्यामुळे बाहेरून आलेल्या नौकेवरच्या कुत्र्याला परवानगीवाचून किनाऱ्यावर पाऊल ठेवता येत नाही. त्याला नौकेवरच कोंडून ठेवावे लागते. नियम योग्यच आहे. तरीही अनुवाद करताना हात थांबला. ज्या किनाऱ्यावर सातशे वर्षांपूर्वी माणूस आणि कुत्रा एकाच जोडहोडीतून उतरले, त्याच किनाऱ्यासमोर आज एक मोठा कुत्रा जाळीवर बसून जमिनीचा वास घेत राहणार.

शब्दाचा निर्णय मात्र त्याआधीच झाला होता. ‘दुहेरी तळाची नौका’ मी खोडली आणि ‘कॅटमरान’ ठेवला. प्रशांत महासागरातल्या नौकाही काथ्याने बांधलेल्याच होत्या. ‘कट्टु’ म्हणजे बांधणे, एवढा अर्थ तरी दोन्ही समुद्रांत खरा आहे.