न फोडता आतलं कळेल का?

वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यात गिरड नावाचं गाव आहे. तिथल्या टेकडीवर बाबा फरीद यांचा दर्गा आहे. हिंदू-मुसलमान दोघंही तिथे नवस बोलायला आणि फेडायला येतात. या टेकडीवर गोलसर दगड विखुरलेले दिसतात. हातात घेतल्यावर सुपारीची किंवा जायफळाची आठवण यावी असे. त्यांची कथा इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटिअरमध्येही नोंदलेली आहे. दोन फिरत्या व्यापाऱ्यांनी बाबांची थट्टा केली आणि त्यांच्या सगळ्या मालाचे दगड झाले. त्यांनी क्षमा मागितली तेव्हा बाबांनी वाळलेल्या पानांपासून त्यांना नवा माल करून दिला. मग ते दोघं कायमचे बाबांच्या सेवेत राहिले. भूशास्त्र या दगडांना झिओलाइटचे गोळे म्हणतं. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हात वायूचे बुडबुडे अडकून राहिले, पुढे त्या पोकळ्यांमध्ये झिरपणाऱ्या पाण्यातून खनिजं साचली, आणि भोवतीचा खडक झिजल्यावर हे गोळे सुटे झाले.

काही वर्षांपूर्वी शिक्षकांच्या एका सहलीबरोबर आम्ही या टेकडीवर गेलो होतो. एका गुरुजींनी दगड उचलून विचारलं, "हा आतून भरीव असेल की पोकळ?" फोडून बघण्याचा प्रश्नच नव्हता, दर्ग्याच्या टेकडीवरचा दगड कोण फोडणार? तेव्हा एका बाईंनी तो कानाजवळ धरला, दुसऱ्या दगडानं हलकेच ठोकला आणि म्हणाल्या, "पोकळ वाटतो." मडकं घेताना आपण हेच करतो. विटांची पारखही गवंडी दोन विटा एकमेकींवर आपटून, आवाज खणखणीत येतो का ते ऐकून करतो. मराठीत 'वाजवून घेणं' म्हणजे खात्री करून घेणं, ते उगाच नाही.

परतताना त्याच गुरुजींनी आम्हांला आपल्या शाळेत नेलं. एका वर्गाच्या छताचं प्लास्टर पडलं होतं, आणि बीमच्या कडेनं सरळ रेषेत भेग गेली होती. "तुमच्याकडे म्हणे एक हातोडा असतो, मारला की काँक्रीटची ताकद सांगतो. इथे मारून बघाल का?" त्या हातोड्याला नेमकं काय सांगता येतं, हे समजायला त्याचा इतिहास पाहावा लागतो.

काँक्रीटची ताकद म्हणजे काय? व्याख्येनंच ती मोडून मोजायची गोष्ट आहे. १५० मिलिमीटर बाजूचा ठोकळा ओतायचा, २८ दिवस पाण्यात ठेवायचा आणि यंत्रात दाबून फोडायचा. तो फुटला तेव्हाचा भार भागिले क्षेत्रफळ, ही ताकद. १९१८ साली शिकागोच्या लुईस इन्स्टिट्यूटमध्ये डफ एब्रम्स यांनी दाखवून दिलं होतं की सिमेंटच्या मानानं पाणी जितकं जास्त, तितकं काँक्रीट कमजोर. ठोकळा भरताना पाण्याचं हे माप सांभाळलं जातं. स्लॅब ओतताना मात्र माल सरकेना म्हणून बिगारी वरून आणखी एक बादली ओततो, आणि पुढचे दिवस पाणी मारायला कुणी फिरकतही नाही. त्यामुळे ठोकळ्याची ताकद वेगळी आणि इमारतीची वेगळी. उभ्या इमारतीचा बीम तर काढून यंत्रात घालता येत नाही.

ही अडचण १९३०च्या दशकात युरोपात टोकाला आली, कारण तोवर काँक्रीटच्या इमारती आणि पूल अमाप झाले होते. जर्मनीत स्प्रिंगच्या किंवा लंबकाच्या जोरानं पोलादी गोळा काँक्रीटवर आदळायचा आणि पडलेल्या खळग्याचा व्यास मोजायचा, अशा रीती निघाल्या. १९३८ साली मॉस्कोतल्या स्क्राम्तायेव यांनी अशा १४ रीतींचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात छिन्नीचा घाव होता, आधीच रोवून ठेवलेली सळई उपटणं होतं, आणि चक्क पिस्तुलाची गोळी झाडून ती किती आत शिरते ते पाहणंही होतं! (ही रीत आमच्या कुठल्याही सहकाऱ्यानं वापरल्याचं ऐकिवात नाही.)

१९४८ साली स्वित्झर्लंडमधले इंजिनिअर अर्न्स्ट श्मिट यांनी खळगा मोजणं सोडून दिलं आणि उसळी मोजायला घेतली. काचेची गोटी शहाबादी फरशीवर टाका आणि मग शेणानं सारवलेल्या जमिनीवर टाका. कुठे जास्त उसळते ते पोरंही सांगतील. श्मिटच्या हातोड्यात एक दांडा काँक्रीटला टेकवून दाबतात. आतलं वजन स्प्रिंगच्या जोरानं दांड्यावर आदळतं आणि मागे उसळतं. किती उसळलं ते बाजूच्या पट्टीवर दिसतं. हा उसळी-अंक. हत्यार एका हातात मावतं, वीज लागत नाही, आणि दिवसभरात शेकडो ठिकाणी ठोकून होतं. जगभर ते पसरलं यात नवल नाही. आमच्या मते त्याच्या लोकप्रियतेचं खरं कारण मात्र वेगळं होतं: हातोड्याच्या अंगावर एक आलेख चिकटवलेला असे. उसळी-अंक बघा, आलेखावर बोट ठेवा, ताकद वाचा.

घोटाळा या आलेखात आहे. तो विशिष्ट काँक्रीटचे ठोकळे आधी ठोकून, मग फोडून काढलेला होता; काही आठवड्यांचं वय, कोरडा आणि गुळगुळीत पृष्ठभाग. म्हणजे न फोडण्याची ही रीतसुद्धा फोडण्यावरच उभी आहे. गिट्टी बदलली, वय बदललं, पृष्ठभाग ओला असला, तर आलेख बदलतो. शिवाय उसळी ठरते ती पृष्ठभागालगतच्या काही सेंटिमीटरच्या थरावरून. आत पोकळ असेल तर हातोड्याला ते कळत नाही.

आतलं ऐकण्याची वाट दुसऱ्या बाजूनं निघाली. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताच्या जलविद्युत आयोगाला धरणांतल्या भेगा किती खोल गेल्या आहेत ते पाहायचं होतं. तिथल्या लेस्ली आणि चीझमन यांनी 'सोनिस्कोप' हे यंत्र तयार करून १९४९ साली त्याची माहिती प्रसिद्ध केली. त्याच सुमारास इंग्लंडच्या रोड रिसर्च लॅबोरेटरीत जोन्स हे रस्त्यांच्या काँक्रीटवर तेच करत होते. एका बाजूनं स्वनातीत स्पंद सोडायचा, दुसऱ्या बाजूला तो किती मायक्रोसेकंदांनी पोचतो ते मोजायचं, आणि अंतर भागिले वेळ. सातवीतलं वेगाचं गणित! भेग किंवा पोकळी वाटेत आली तर स्पंदाला वळसा घालावा लागतो, उशीर होतो आणि वेग कमी दिसतो.

भारतीय मानक ब्युरोनं या दोन्ही रीतींसाठी १९९२ साली १३३११ क्रमांकाचं मानक दोन भागांत काढलं. पहिल्या भागात वेगाचा तक्ता होता: सेकंदाला ४.५ किलोमीटरपेक्षा जास्त असेल तर उत्कृष्ट, ३.५ ते ४.५ चांगलं, ३ ते ३.५ मध्यम आणि त्याखाली संशयास्पद. हा तक्ता काँक्रीटचा दर्जा सांगतो, ताकद नव्हे. पोलादातून ध्वनी काँक्रीटपेक्षा जोरात धावत असल्यानं स्पंदाच्या वाटेत सळई आली तर खराब काँक्रीटही चांगलं दिसतं. दुसऱ्या भागानं हातोड्याबद्दल सरळ लिहिलं होतं की ताकदीच्या अंदाजात २५ टक्के इकडे-तिकडे होऊ शकतं. २०१८पासून ही मानकं सुधारून ५१६ क्रमांकाच्या मानकात घेतली गेली. रुमानियात फाकाओआरू यांनी हातोडा आणि स्पंद एकत्र वापरण्याची पद्धत बसवली होती. ओलाव्यानं उसळी कमी होते आणि वेग वाढतो, त्यामुळे एकीची चूक दुसरी काही अंशी भरून काढते. तरी स्थानिक काँक्रीटशी ताडून पाहणं त्यातही चुकत नाही.

आता त्या शाळेत येऊ. आम्ही बीमला हातोडा लावला. अंक भरघोस आला. आलेखावर वाचला असता तर गुरुजींना "निश्चिंत राहा" म्हणून आम्ही गाडीत बसलो असतो. खरं सांगायचं तर उमेदीच्या वर्षांत एका इमारतीबाबत आम्ही तसं केलंही होतं, आणि पुढे तिचे गाभे काढल्यावर मान खाली घालावी लागली होती. म्हणून आम्ही गुरुजींना विचारलं, "तुमच्या प्रयोगशाळेत फिनॉल्फ्थॅलिन आहे का?"

ताज्या काँक्रीटमध्ये चुना, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड असतो. त्यामुळे काँक्रीट चांगलंच अल्कधर्मी असतं आणि त्या माध्यमात लोखंडी सळई गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरतो आणि चुन्याचं कॅल्शियम कार्बोनेट होतं. किती खोल शिरला हे ढोबळमानानं काळाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतं: दहा वर्षांत १० मिलिमीटर, तर चाळीस वर्षांत २०. याचे परिणाम दोन. कार्बोनेटमुळे काँक्रीटची कातडी कठीण होते, म्हणून हातोडा जास्त उसळतो. आणि अल्कता गेल्यामुळे सळईचं संरक्षण जातं, ती गंजते, गंज फुगतो आणि बाहेरचं काँक्रीट फोडतो. म्हणजे इमारत धोक्याकडे सरकत असताना हातोड्यावरचा अंक वाढत असतो. काही इमारतींत ही फसगत खऱ्या ताकदीच्या दीडपटीपर्यंत जाते.

भेगेजवळचा एक तुकडा काढून ताज्या पृष्ठभागावर फिनॉल्फ्थॅलिन टाकलं. नेहमी चंचुपात्रात दिसणारा गुलाबी रंग दिसला, पण सळईच्या मागे. सळईच्या पुढचं सगळं काँक्रीट रंगहीन राहिलं. गुरुजी बराच वेळ ते बघत होते. मग म्हणाले, "वर्गात दर वर्षी दाखवतो हे. छतावर टाकून बघावं असं कधी सुचलं नाही."

पुढे रीतसर परवानगी घेऊन तीन ठिकाणी यंत्रानं दंडगोल गाभे कापले आणि फोडले. आलेखानं सांगितलेल्या ताकदीच्या निम्मीही ताकद निघाली नाही.

हा प्रश्न एका शाळेचा नाही. मुंबईत महापालिका कायद्याच्या ३५३-ब कलमानुसार ३० वर्षांहून जुन्या इमारतींची संरचना-तपासणी करून घ्यावी लागते. कायदा चांगला आहे. पण तपासणी म्हणजे दोन-चार ठोके आणि एक प्रमाणपत्र असं झालं तर तो कागदावरच राहतो. आणि वयाची अटही पुरेशी नाही. महाडमध्ये २४ ऑगस्ट २०२० रोजी पाच मजली इमारत कोसळून १६ माणसं गेली. तिला दहा वर्षंही झाली नव्हती. पणजीचा मांडवी नदीवरचा नेहरू पूल १९७०च्या सुमारास वाहतुकीला खुला झाला आणि ५ जुलै १९८६ रोजी पडला, तो मुख्यतः आतल्या ताणलेल्या पोलादी तारा गंजल्यामुळे. त्याच्या काँक्रीटवर कितीही हातोडे मारले असते तरी तारांबद्दल अक्षर कळलं नसतं.

शाळेच्या त्या वर्गाला आधी लोखंडी टेकू दिले आणि मुलांना बाहेर काढलं. पावसाळा येईपर्यंत चौथी निंबाखाली भरली. पुढच्या उन्हाळ्यात छत उतरवून नवं घातलं. त्या वेळी गुरुजींनी हट्टानं सहा ठोकळे भरून घेतले आणि २८ दिवसांनी स्वतः एसटीनं तालुक्यापर्यंत आणि तिथून पुढे प्रयोगशाळेत नेले.

बीममधून गाभा कापताना निघालेला एक वेढब तुकडा मुख्याध्यापकांच्या टेबलावर कागद दाबायला ठेवलेला आहे. त्याच्या कापलेल्या बाजूवर काळ्या गिट्टीचे तुकडे दिसतात, आणि त्यांतल्या एकात पांढरा, गोल, वाटाण्याएवढा ठिपका आहे. झिओलाइटचा.