रक्तपट्टिकांची कथा : एका डॉक्टराने स्वतःवर केलेला प्रयोग

पावसाळ्यात डेंग्यूची साथ आली की घरोघरी एकच प्रश्न ऐकू येतो : ‘प्लेटलेट्स किती आहेत?’ मराठीत त्यांना रक्तपट्टिका म्हणतात. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये त्या साधारणतः दीड ते साडेचार लाख असतात. जखम होताच त्या एकमेकींना चिकटतात आणि वाहते रक्त थोपवतात. त्या घटल्या की अंगावर जांभळे डाग उमटतात, हिरड्यांतून व नाकातून रक्त येते. त्या का घटतात, हे कळण्यास वैद्यकशास्त्राला दोन शतकांहून अधिक काळ लागला. तो इतिहास आम्ही येथे थोडक्यात सांगत आहोत.

अशा जांभळ्या डागांच्या आजाराचे वर्णन जर्मन वैद्य वेर्लहोफ यांनी १७३५ साली केले. पण रक्तपट्टिकांचे कार्य तेव्हा कोणास ठाऊक नव्हते. ते १८८२ च्या सुमारास इटलीतील तुरीन येथे जुलिओ बित्सोत्सेरो यांनी उलगडले. अस्थिमज्जेतील ‘मेगाकॅरिओसाइट’ या महाकाय पेशीही त्यांनी पाहिल्या होत्या, परंतु दोहोंतील नाते त्यांच्या ध्यानी आले नाही. १९०६ साली बॉस्टनच्या जेम्स होमर राइट यांनी दाखवून दिले की, या महाकाय पेशींचे तुकडे होऊनच रक्तपट्टिका जन्मास येतात.

मग वाद उभा राहिला. या आजारात मज्जेतील निर्मितीच मंदावते, की तयार झालेल्या रक्तपट्टिकांचा पुढे नाश होतो? १९१६ साली प्राग येथील पॉल काझ्नेल्सन या विद्यार्थ्याने प्लीहा काढून टाकण्याचा सल्ला दिला. शस्त्रक्रियेनंतर रोगी स्त्रीच्या रक्तपट्टिका वाढल्या. तरीही वाद मिटला नाही, कारण काही रोग्यांना प्लीहा काढूनही गुण येत नसे.

१९५० साली अमेरिकेतील सेंट लुईस येथील तरुण डॉक्टर विल्यम हॅरिंग्टन यांना शंका आली की, नाशाचे कारण रोग्याच्या रक्तातच असावे. आजारी मातेच्या नवजात बाळाच्या रक्तपट्टिकाही काही काळ कमी असतात, ही गोष्ट त्यांच्या तर्कास पुष्टी देणारी होती. पण पुरावा कसा मिळवावा? त्यांनी रोग्याचे रक्त स्वतःच्या शरीरात घेतले. तीन तासांतच त्यांच्या रक्तपट्टिका धोक्याच्या पातळीपर्यंत घसरल्या आणि त्यांना झटका आला. चार दिवस त्या अत्यल्प राहिल्या, पाचव्या दिवशी पूर्ववत झाल्या. दरम्यान त्यांच्या छातीच्या हाडातील मज्जा तपासली, तेव्हा महाकाय पेशी व्यवस्थित आढळल्या. निर्मिती चालू होती, नाश मात्र रक्तातील कसल्यातरी द्रव्यामुळे होत होता. पुढे सिद्ध झाले की, ते द्रव्य म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच चुकून स्वतःविरुद्ध निर्माण केलेली प्रतिपिंडे होत.

या साहसाकडे आपण कसे पाहावे? प्राण हे अनमोल देणे आहे, ते उगाच पणाला लावणे योग्य नव्हे. १९४७ च्या न्यूरेम्बर्ग संहितेनेही जिवावर बेतणारे प्रयोग वर्ज्य ठरवले. प्रयोग करणारा वैद्य जेथे स्वतःच त्यास सामोरा जातो, तेथे कदाचित अपवाद करता येईल, एवढेच तिने म्हटले. हॅरिंग्टन यांचे अनुकरण करा, असे आम्ही कोणास सांगणार नाही. परंतु त्या काळी दुबळ्या, अजाण माणसांवर अन्यत्र प्रयोग झाले होते, हे विसरता येत नाही. या डॉक्टराने पहिली जोखीम दुसऱ्याच्या माथी मारली नाही, हेच आम्हांस मोठे वाटते.

कारण कळले आणि उपचारांची दिशा बदलली. या आजारात नुसत्या रक्तपट्टिका चढवून भागत नाही, कारण त्याही नष्ट होतात. म्हणून आधी प्रतिकारशक्तीस आवर घालावा लागतो. १९९४ साली रक्तपट्टिकांच्या निर्मितीस चालना देणारे ‘थ्रॉम्बोपोएटिन’ हे संप्रेरक शोधकांच्या हाती आले आणि त्याच धर्तीवर काम करणारी औषधे २००८ पासून अमेरिकेत मिळू लागली.

पुढल्या पावसाळ्यात अहवालावरील आकडा पाहून आपला जीव धास्तावेल, तेव्हा एक ध्यानात ठेवावे. आकडा का घटला, हे आधी पाहावे लागते, आणि तो प्रश्न विचारण्यासाठी एका माणसाने स्वतःचा दंड पुढे केला होता.