नकाशात भारत एवढासा का?

जगाच्या अनेक नकाशांत ग्रीनलँड भारताहून मोठा दिसतो. प्रत्यक्षात ग्रीनलँड सुमारे २२ लाख चौरस किलोमीटर, तर भारत जवळपास ३३ लाख! असं का?

१५६९ मध्ये गेरार्डस मर्केटर यांनी खलाशांसाठी हा नकाशा आखला. होकायंत्राची एकच दिशा धरून केलेला प्रवास त्यावर सरळ रेषेत दाखवता येतो. पण गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवताना काहीतरी सोडावंच लागतं. मर्केटर यांच्या प्रक्षेपणात दिशा राखली गेली, क्षेत्रफळ सुटलं. म्हणून विषुववृत्तापासून दूरचे प्रदेश फुगतात. क्षेत्रफळ राखणारे नकाशेही आहेत, पण त्यांत आकार बिघडतो.

मुलांनी विचारलं, ‘आपला भारत एवढासाच का?’, तर त्यांच्यासमोर पृथ्वीगोल ठेवा.